‘रन’ म्हणजे केवळ धावणे नव्हे

महोदय,

अमेरिकेतील अमुक नेता ‘अध्यक्षपदासाठी धावत आहे’ अशी वाक्ये मराठी बातम्यांत हल्ली वरचेवर दिसतात. अमेरिकन इंग्रजीत उमेदवार धावतो हे खरे. पण ब्रिटिश इंग्रजीत तो उभा राहतो आणि मराठीतही निवडणुकीला उभेच राहतात.

‘रन’चा पसारा मोठा आहे, हे मान्य. ऑक्सफर्ड इंग्रजी शब्दकोशाच्या १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीत सर्वांत लांब नोंद ‘सेट’ची होती, पुढील आवृत्तीचे काम चालू असताना, २०११ साली, हा मान ‘रन’कडे गेला आणि त्या एका क्रियापदाचे ६४५ अर्थ नोंदवले गेले. यंत्रयुगाने या शब्दाला बरेच काम दिले. घड्याळ, गिरणी, संगणकावरचा प्रोग्रॅम, सारे इंग्रजीत पळते आणि आपल्याकडे शांतपणे चालते. मात्र ‘पळते तिथे चालते लिहा’ हा नियमही पुरत नाही, कारण अंगात ताप असतो, नळाचे पाणी वाहते, नाक गळते. घरातली साखर आणि खेळपट्टीवरचा फलंदाज या दोघांनाही इंग्रजी ‘रन आउट’ म्हणते. मराठीत साखर संपते, फलंदाज धावबाद होतो.

विनोदापलीकडचा घोटाळा आर्थिक बातम्यांत होतो. सप्टेंबर २००७ मध्ये ब्रिटनच्या नॉर्दर्न रॉक बँकेच्या दारांशी ठेवीदारांच्या रांगा लागल्या, तशा प्रसंगाला इंग्रजीत बँकेवरचा ‘रन’ म्हणतात. त्यासाठी ‘बँकेवर धाव’ असे लिहिल्यास लोक पैसे भरायला गेले की काढायला, हेच वाचकाला कळत नाही. ‘ठेवी काढण्यासाठी झुंबड’ असे लिहिण्यास तीन शब्द लागतात, पण अर्थ पोचतो.

आपल्या ‘धाव’ शब्दाचेही तसेच आहे. बैलगाडीच्या चाकावर चढवलेली लोखंडी पट्टी ही धाव, मोट ओढताना बैल विहिरीलगतच्या ज्या उतारावरून जातात तीही धाव, आणि सरड्याची कुंपणापर्यंतची धाव तर प्रसिद्धच आहे. यांतील चाकाची धाव इंग्रजीत नेताना कोणी ‘रन’ लिहिले, तर आपण हसू. उलट दिशेने हेच घडते तेव्हा मात्र ते छापले जाते. आपल्या वृत्तविभागाने तेवढे थांबवावे, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त भाषांतरकार