जामीन राहायच्या आधी हे वाच

प्रिय सोन्या,

काल फोनवर तुझ्या मागे पोरांचा गोंगाट चालला होता म्हणून मी जास्त बोलले नाही, पण डोक्यातून जाईना म्हणून आज लिहायला बसले. मित्राच्या ३ लाखांच्या कर्जाला जामीन राहायचं सांगताना तू म्हणालास, "आई नुसती सही तर करायचीये, हप्ते तो भरणारे." पतसंस्थेत कर्ज विभागात बसून हेच वाक्य मी इतक्या जणांकडून ऐकलंय ना, आणि त्यातले कितीतरी जण पुढे त्याच टेबलासमोर रडवेले होऊन बसलेले पण बघितलेत. तेव्हा आता नीट वाच.

१८७२ च्या करार कायद्यात कलम १२८ आहे, त्याचा अर्थ एवढाच की जितकी जबाबदारी कर्जदाराची तितकीच जामीनदाराची. म्हणजे आधी त्याच्याकडे वसुली करा, तो हरला की मग माझ्याकडे या, असं तुला म्हणता येत नाही. कर्ज थकलं की संस्था सहकार कायद्याच्या कलम १०१ खाली वसुली दाखला, म्हणजे थकलेले पैसे वसूल करायचा हुकूम, काढते आणि त्यात कर्जदाराच्या खाली जामीनदारांची नावं असतात. ज्याचा पगार दर महिन्याला ठराविक तारखेला जमा होतो तो सापडायला सगळ्यात सोपा, म्हणजे तूच. वर सिबिल, म्हणजे कर्ज फेडण्याबाबतची तुझी पत दाखवणारा स्कोअर, खराब झालं की उद्या घराचं लोन मागायला गेलास तर तिथे हे निघणार. मित्र वाईट आहे असं मी अजिबात म्हणत नाहीये, चांगल्या पोरांचे धंदे पण बुडतात.

माझा हिशोब साधा आहे. ३ लाखांना जामीन राहायचं म्हणजे ते ३ लाख आपणच घेतलेत असं धरायचं. तेवढे फेडायची तयारी असेल तर खुशाल सही कर. तुझ्या आत्ताच्या पगारात ती नाहीये हे तुला पण माहितीये.

आणि खरं सांगू, मला त्या सहीपेक्षा जास्त काळजी वाटली ती तू चहा पिता पिता हो म्हणून आलास त्याची. समोर माणूस बसलाय, चार जण बघतायत, अशा वेळी नाही म्हणणं कोणालाच जमत नाही रे. म्हणून एक सवयच लावून घे, पैशाची किंवा कागदावर सही करायची कुठलीही गोष्ट असली की "दोन दिवसांनी सांगतो" हे तोंडात आलंच पाहिजे, मग तो मित्र असो, विमेवाला असो नाहीतर आपले नातेवाईक. एकदा ठरवून टाकलं की दर वेळी नव्याने धीर गोळा करावा लागत नाही. पगाराचं पण तेच, महिनाअखेरीस उरेल ते टाकू म्हटलं की काहीच उरत नाही, पगार झाल्या झाल्या आरडीचे किंवा एसआयपीचे पैसे आपोआप कटू देत, मग राहिलेले मोकळ्या मनाने खर्च कर, मी एका शब्दाने विचारणार नाही.

क्रेडिट कार्डचं पण सांगते कारण मागच्या महिन्यात तू मिनिमम ड्यू, म्हणजे बिलातली कमीत कमी भरायची रक्कम, तेवढीच भरून मोकळा झालास. समज बिल ४०,००० आहे आणि तू २,००० भरलेस. महिन्याला साडेतीन टक्के धरले तरी १,४०० व्याज, त्यावर १८ टक्के जीएसटी म्हणजे २५२, मग मूळ रकमेतून कमी झाले जेमतेम साडेतीनशे. त्यात जुनी बाकी असताना नवीन काही घेतलंस तर त्यावर पहिल्या दिवसापासून व्याज चालू. पूर्ण बिल भरायला जमत नसेल तर कार्ड कपाटात ठेव आणि ते फेडून होईपर्यंत बाहेरचं जेवण कमी कर, जागरणं कमी केलीस तर ते आपोआपच कमी होईल, रात्री १ वाजता भूक लागते म्हणून तर ऑर्डर होते.

मित्राला तोंडावर नाही म्हणायला जड जात असेल तर खुशाल माझं नाव सांग, आई पतसंस्थेत आहे, ती ऐकतच नाही म्हणून सांग. त्याला खरंच अडचण असेल तर तुझ्याकडचे १०-१५ हजार हातउसने दे, परत आले नाहीत तरी चालतील एवढेच दे. पण उशीर करू नकोस, त्याला दुसरा जामीनदार शोधायला वेळ मिळाला पाहिजे. बोलून झालं की मला कळव, बाबांना मी अजून काही सांगितलेलं नाही.

तुझी
आई