मळीतली वांगी

भिलवडी, १६ जानेवारी

प्रिय मित्रा,

तीळगूळ घे, गोड बोल. आणि फोन उचलत जा.

परवा संक्रांतीला औदुंबरला जाऊन आलो. सदानंद साहित्य मंडळाचं संमेलन. तू म्हणशील, दरवर्षीचंच, त्यात नवं काय? खरंय. १९३९ पासून चाललंय, कवी सुधांशु आणि म. भा. भोसले यांनी लावलेलं रोप. पण या खेपेला तुझ्याशिवाय गेलो, म्हणून लिहितोय. पुलावरून न जाता भुवनेश्वरीच्या देवळाकडून नावेनं कृष्णा ओलांडून गेलो. नावाडी म्हणालाच, "पाण्यात हात घालू नका, मगर हाय." तू मुद्दाम घालायचास, लेका.

स्वागत, प्रास्ताविक, सत्कार यातच ऊन डोक्यावर आलं. मग एका लेखिकेची मुलाखत. माहेर कृष्णाकाठचं, राहायला मुंबईत, कादंबरी २०१९च्या महापुरावर. मुलाखत घेणारे गुरुजी एवढा लांब प्रश्न विचारायचे की बाईंना "हो" म्हणण्यापुरतीच जागा उरायची. शेवटी त्यांनी स्वतःच पुस्तक उघडलं आणि पूर ओसरल्यावर म्हातारी घरी परतते तो भाग वाचला. फडताळाच्या खालच्या फळीवर वीतभर गाळ, वरच्या फळीवर लोणच्याची बरणी कोरडी ठणठणीत. परसात तांबड्या मातीत आडवी झालेली वांग्याची झाडं. शेजारच्या काकूंनी पदर डोळ्यांना लावला. आमची बरणी काही वाचली नव्हती, पण गाळाचा तो कुबट वास मला तिथं बसल्या जागी आला.

पुढं प्रश्नोत्तरं. मी घरूनच एक प्रश्न घोकून नेला होता, लेखकाची बांधिलकी वगैरे. हात वर करणार तोच मागून एक पटकेवाले आजोबा उठले. माईक घेतलाच नाही. "ताई, समदं ब्येस लिवलंय. पर वांगी तांबड्या मातीत कशी लावली म्हातारीनं? आपल्या नदीकाठच्या मळीत तांबडी माती कुठली? पुराचा गाळ काळा. म्हणून तर आपलं वांगं चवीला."

मंडपात हशा पिकला. बाई हसल्या नाहीत. "बाबा, पाणी उतरल्यावर किती दिवसांनी लावता?" म्हणून त्याच उलट विचारायला लागल्या. रोप कुठलं, गाळ किती वाळू द्यायचा, पाच-दहा मिनिटं नुसती वांगीच. गुरुजी घड्याळ बघत बसले. मग बाईंनी पर्समधून पेन काढलं आणि हातातल्या प्रतीत तिथल्या तिथं खाडाखोड केली. माझा प्रश्न मी गिळला.

पुस्तक घेतलं. सहीला गेलो तर आधी ते पान काढून माझ्याही प्रतीत त्यांनी "तांबड्या" खोडून "काळ्या" केलं. रांगेतल्या प्रत्येकाच्या प्रतीत करत होत्या. सही घाईची आहे, पण "काळ्या" ठसठशीत.

पुस्तक उद्या कुरिअरनं पाठवतो. वाचून परत कर, मागची दोन अजून तुझ्याकडंच आहेत. वांगी मात्र पाठवणार नाही. ती खायला इथं यायचं.

तुझाच,
दोस्त