कपडे प्लास्टिकच्या पिशवीत भरू नका

संपादक महोदय,

लैंगिक अत्याचारानंतर बाई सिडकोतल्या खासगी रुग्णालयात पोहोचली, तरी ‘आधी पोलिसांत जा’ म्हणून तिला परत पाठवता येत नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे (फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्याचे) कलम 397 मोफत उपचार तत्काळ द्यायला सांगते. गर्भनिरोधक गोळी आणि एचआयव्हीची प्रतिबंधक औषधे 72 तासांच्या आत, जितकी लवकर तितकी बरी. ताटकळण्यात हीच वेळ जाते.

अंगावरचे कपडे धुऊ नयेत. प्लास्टिकमध्ये ओल कोंडते, बुरशी धरते, डीएनए खराब होतो. सावलीत वाळवून प्रत्येक कपडा वेगळ्या कागदी पाकिटात ठेवावा. तिने आंघोळ केली असेल तर तशी नोंद करावी, दटावू नये. तपासणी तरीही करता येते. तिने तपासणीला नकार दिला, तरी उपचार थांबत नाहीत. ‘दोन बोटांची चाचणी’ (योनीत बोटे घालून केली जाणारी तपासणी) करणे हे गैरवर्तन आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्येच बजावले आहे.

गुन्हा नाशिकरोडला घडला असला आणि ती पंचवटी ठाण्यात गेली, तरी तिथल्या पोलिसांनी तो नोंदवून एफआयआरची प्रत मोफत द्यायलाच हवी.

– काही परिचारिका, नाशिक