दिवाळीच्या किल्ल्याखालची जमीन

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

दिवाळीतील किल्ल्यांची छायाचित्रे आपल्या दैनिकात दरवर्षीप्रमाणे यंदाही प्रसिद्ध झाली. प्लास्टर ऑफ पॅरिसचे आयते किल्ले वाढत चालल्याची खंत त्यासोबतच्या मजकुरात होती आणि ती रास्तच आहे. मात्र हाताने केलेल्या किल्ल्यांतही जमिनीकडे जे दुर्लक्ष होते ते मला अधिक खटकते. विटा-दगड रचले, चिखलात भिजवलेले गोणपाट पसरले, अळीव पेरले आणि माथ्यावर सिंहासन ठेवले की काम झाले. तो राजगड आहे की रायगड हे पुढ्यातल्या पाटीवरूनच कळते. युनेस्कोने ११ जुलै २०२५ रोजी जागतिक वारसा यादीत घेतलेले बारा किल्ले ‘मराठा लष्करी भूप्रदेश’ या नावाने घेतले आहेत, म्हणजे तट-बुरुजांबरोबर ज्या डोंगरावर, बेटावर वा पठारावर ते उभे आहेत त्या जमिनीचीही दखल घेतली आहे. ही दखल अंगणातल्या किल्ल्यात उतरावी, एवढ्यासाठी हे पत्र.

ऐतिहासिक लढाया टेबलावर मांडून खेळण्याचा छंद युरोपात जुना आहे. प्रशिया या तेव्हाच्या जर्मन राज्याच्या राजाला १८१२ मध्ये राइसवित्झ नावाच्या अधिकाऱ्याने जो युद्धखेळ भेट दिला, तो डोंगर, नद्या, रस्ते असलेल्या सुट्या चौकोनी फरश्या हव्या तशा जुळवून खेळायचा होता. पुढे राइसवित्झच्याच मुलाने १८२४ मध्ये तो नकाशावर आणला आणि सैन्याच्या शिक्षणात त्याचा उपयोग होऊ लागला. आज हा प्रामुख्याने हौशी लोकांचा खेळ आहे. कथील-शिशाच्या, प्लॅस्टिकच्या किंवा रेझिनच्या बोटभरही उंची नसलेल्या सैनिकांना महिनोन्महिने रंगवत बसणारी ही माणसे बाहेरून पाहणाऱ्याला थोडी चक्रम वाटतात, आणि ती असतातही; परंतु रणभूमीचा उंचसखलपणा ती ज्या बारकाईने पाहतात, ती बारकाई आपण उचलण्यासारखी आहे.

त्यांच्या आवडत्या लढायांपैकी एक तर आपल्याच जालना जिल्ह्यातील आहे. २३ सप्टेंबर १८०३ रोजी भोकरदनजवळ असई येथे दौलतराव शिंदे व नागपूरकर रघूजी भोसले यांच्या फौजेशी इंग्रज सेनापती आर्थर वेलस्लीची गाठ पडली. केळना आणि जुई या नद्यांच्या बेचक्यात, सुमारे शंभर तोफांनिशी मराठ्यांचा तळ होता. नदीला जवळपास उतार, म्हणजे पायी ओलांडण्याजोगी जागा नाही, असे वाटाड्यांनी सांगितले असतानाही, दोन्ही तीरांवर समोरासमोर दोन गावे दिसताच त्यांच्यामध्ये उतार असलाच पाहिजे असा तर्क वेलस्लीने केला आणि तो खरा ठरला. तो बगलेवर येतो आहे हे ध्यानात येताच शिंद्यांच्या कवायती पलटणींनी पोलमान या त्यांच्या पदरी असलेल्या जर्मन सेनानीच्या हुकमतीखाली आपली अख्खी फळी काटकोनात वळवली आणि डावी बाजू असई गावाला टेकवली. ऐन धामधुमीत अशी फळी फिरवणे हे कसलेल्या पायदळाचे काम होते, आणि पराभवाच्या हळहळीत आपण त्याची वाखाणणी करायला विसरतो.

आता ही लढाई टेबलावर मांडायची तर दोन नद्यांमधील सुमारे मैलभर रुंदीची जागा १:१००० या प्रमाणात दीड-पावणेदोन मीटरमध्ये बसते. केळना म्हणून निळ्या रंगाचा सपाट पट्टा ओढला तर सैनिक कुठूनही पलीकडे जाईल आणि उतार शोधण्यातला सगळा पेच नाहीसा होईल. म्हणून फोम कापून काठाच्या दरडी उभ्या कराव्या लागतात आणि एकाच ठिकाणी त्या उतरत्या ठेवाव्या लागतात. गावाची चार घरे पुरतात, पण गावकूस हवेच, कारण त्याच्या आडून आणि शेजारच्या तोफांतून झालेल्या माऱ्यात इंग्रजांच्या ७४व्या हायलँडर पलटणीचा जवळजवळ प्रत्येक अधिकारी मारला गेला किंवा जखमी झाला. मराठ्यांचे संख्याबळ मोठे असूनही ते का वापरता आले नाही, हे नद्यांमधील ती चिंचोळी जागा पाहिली की दहा वर्षांच्या मुलालाही उमगते. एक तक्रार मात्र नोंदवतो : परदेशी हौशी मंडळींच्या टेबलावर हिंदुस्थान म्हटला की अनेकदा पिवळी वाळू दिसते. सप्टेंबरात मराठवाड्याची जमीन काळी, ओलसर आणि खरिपाच्या पिकांनी हिरवी असते, हे आपण त्यांना शिकवू शकतो.

आपल्या किल्ल्यांवर बुरुजाहून उंच मावळा उभा असतो. त्यावर हसण्याचे कारण नाही, कारण ही अडचण या छंदातही आहे आणि तिथे तिच्यावर रीतसर तोड काढलेली आहे. जमिनीचे प्रमाण आणि सैनिकाचे प्रमाण वेगळे धरायचे, व एक सैनिक वीस किंवा तीस माणसांच्या जागी आहे असे आधीच जाहीर करायचे. म्हणजे तीस धरले तर सातशेंची पलटण तेवीस-चोवीस सैनिकांत उभी राहते. रंगकामातही असाच विचार असतो. एवढ्याशा मूर्तीवर खऱ्या उजेडाच्या सावल्या पुरेशा पडत नाहीत, म्हणून पागोट्याच्या चुण्यांत पातळ गडद रंग मुरू देतात आणि मग जवळजवळ कोरडा केलेला ब्रश उंचवट्यांवरून हलकेच फिरवतात. लहान वस्तूवर मूळ रंग अधिक गडद भासतो, म्हणून त्यात थोडा पांढरा मिसळतात. कुंभारवाड्यातून आणलेल्या मावळ्यांवर हे करून पाहायला खर्च जवळजवळ नाहीच. फक्त थर्माकोलवर स्प्रेचा रंग थेट मारू नये, त्यातील द्रावकाने तो वितळतो.

किल्ल्याच्या बाबतीत सोपा उपाय हाताशी आहे. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या १:५०,००० प्रमाणाच्या नकाशांवर साधारणपणे दर २० मीटर उंचीला समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीची ठिकाणे जोडणारी रेषा असते. किल्ला १:२००० या प्रमाणात करायचा ठरवला तर ते २० मीटर बरोबर एक सेंटिमीटर होतात. प्रत्येक रेषेच्या आकाराचा एक सेंटिमीटर जाडीचा पुठ्ठ्याचा थर कापून एकावर एक चिकटवला आणि पायऱ्या शाडूने भरल्या की डोंगर आपोआप खरा होतो. दोन मीटरच्या चौरसात चार किलोमीटरचा मुलूख येतो, म्हणजे पद्मावती, सुवेळा आणि संजीवनी या तिन्ही माच्यांसह राजगड मावतो. बालेकिल्ला मधोमध ठेवून तीन दिशांना माच्या का पसरल्या, संजीवनीला दुहेरी तटबंदी का लागली, हे प्रश्न मग थर कापतानाच मुले विचारू लागतात.

गेल्या वर्षी एका मंडळाच्या स्पर्धेत पहिले बक्षीस कारंजे आणि रंगीत दिव्यांच्या किल्ल्याला मिळालेले मी पाहिले. मुलांचा दोष नाही. परीक्षक ज्याला गुण देतात ते मुले करतात. म्हणून आपल्या दैनिकामार्फत स्पर्धांच्या संयोजकांना विनंती आहे की, शंभरपैकी निदान तीस गुण जमिनीच्या आकारासाठी राखावेत आणि प्रत्येक किल्ल्याशेजारी प्रमाण, उत्तर दिशा व वापरलेला नकाशा लिहिलेला एक कागद बंधनकारक करावा. पुढील दिवाळीच्या महिनाभर आधी आपण एखाद्या किल्ल्याचा समोच्च रेषांचा आराखडा पुरवणीत पूर्ण पानभर छापलात, तर शाळांनाही तो वापरता येईल. सुरुवात राजगडापासून करावी, असे मी सुचवतो.

आपला,
एक वाचक, पुणे