नाईट ड्युटीवरून

चि. सोन्यास,
अनेक आशीर्वाद.

पहाटेचे पावणेतीन वाजलेत. कॅज्युअल्टी जरा शांत आहे, म्हणून एक्स-रेच्या रद्दी फॉर्मच्या पाठकोऱ्या बाजूवर लिहायला घेतलंय. समोर बसून बोलायला गेले की तू कानात हेडफोन घालतोस. कागदाला तरी कान नसतात.

परवा म्हणालास, "नीटसाठी एवढी दोन वर्षं घासून शेवटी काय टेक्निशियन व्हायचं?" आणि मग, आई एक्स-रे टेक्निशियनच आहे हे आठवून, माझ्याकडे बघून गप्प झालास. मला राग नाही आला. (खोटं कशाला बोलू, आला. चहा ओट्यावर सांडला तो त्यानेच.)

आज रात्रीचंच सांगते. साडेबाराला एक रिक्षावाला आला. पोट धरून दुमडलेला, अंगाला घाम. रेसिडेंट डॉक्टरने लिहून दिलं होतं, छातीचा एक्स-रे, उभ्याने. त्याला उभं राहवत नव्हतं. वॉर्डबॉय मामा म्हणाले, "सिस्टर, आडवाच घ्या की, लाइन लागलीय." मी त्याला स्ट्रेचरवर ताठ बसवलं, भावाला मागून धरायला लावलं आणि घड्याळ लावून दहा मिनिटं थांबले. बाहेर लोक ओरडत होते. अल्सर फुटून आतड्यातली हवा पोटात सुटली असेल, तर माणूस ताठ असताना ती वर चढून डायफ्रामखाली, म्हणजे छाती आणि पोटामधल्या पडद्याखाली, जमते. आडवा घेतला तर पुढे पसरते, आणि फोटो अगदी बरा दिसतो. प्लेट वाचली तर उजव्या बाजूला लिव्हरच्या वर काळी चंद्रकोर. फोटो जायची वाट न बघता रेसिडेंटला फोन लावला. रिक्षावाला आता ऑपरेशन थिएटरमध्ये आहे.

ती दहा मिनिटं थांबायचं मला कुणीतरी शिकवलं होतं. पण पहिल्या कोर्समध्ये नाही.

तुला पूर्ण कधी सांगितलं नाही. बारावीनंतर मी लोकलच्या डब्यातली जाहिरात वाचून दादरला एका दुकानाच्या वर भरणाऱ्या इन्स्टिट्यूटमध्ये गेले. एक वर्ष, 'शंभर टक्के नोकरी'. आजोबांना गिरणीची देणी मिळाली होती, त्यातून फी भरली. एक मशीन होतं, त्यावर प्लास्टिकचं कव्हर, वायरला प्लगच नाही. नोट्सच्या झेरॉक्स पाठ करायच्या. वर्षभरात एकाही पेशंटला हात लावला नाही. पहिल्याच मुलाखतीत क्लार्कने सर्टिफिकेट परत सरकवलं, "याला मान्यता नाही, ताई." आजोबा काही बोलले नाहीत. मग पुन्हा पहिल्यापासून मान्यताप्राप्त डिप्लोमा केला, तेव्हा कुठे हॉस्पिटलच्या डार्करूममध्ये उभी राहिले.

म्हणून कालचं ते 'सहा महिन्यांत पॅरामेडिकल' वालं पोस्टर तू मोबाइलवर दाखवलंस तेव्हा मी ओरडले. 2021 मध्ये केंद्राने या सगळ्या व्यवसायांसाठी कायदा केला, त्यात तास लिहिलेत. अलाइड हेल्थच्या, म्हणजे आमच्यासारख्या टेक्निशियनच्या, शिक्षणाला कमीत कमी 2000 तास, फिजिओथेरपिस्टसारख्या हेल्थकेअर प्रोफेशनलला कमीत कमी 3600. सहा महिन्यांत 2000 तास कसे बसवणार ते त्या पोस्टरवाल्याला विचार. आणि दुसरं विचार, प्रॅक्टिकल कुठल्या हॉस्पिटलमध्ये? खाटा किती? ते 'टाय-अप आहे' म्हणाले की फोन ठेव.

नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाचा बी.पी.एम.टी., म्हणजे पॅरामेडिकल टेक्नॉलॉजीचा पदवी कोर्स, तीन वर्षांचा, वर एक वर्ष इंटर्नशिप. मी तुला रेडिओग्राफीच घे म्हणत नाही. डायलिसिस आहे, कॅथलॅब म्हणजे अँजिओग्राफीची खोली आहे. पर्फ्युजन आहे: बायपासच्या वेळी हृदय थांबवतात तेव्हा हार्ट-लंग मशीन चालवणारा माणूस तो. नीटच्या मार्कांवर फिजिओ किंवा ऑक्युपेशनल थेरपी (आजारानंतर रोजची कामं पुन्हा जमवायला शिकवतात ती) बसत असेल तर तेही बघ. आत्या म्हणते ऑक्युपेशनल थेरपी हे नवीन खूळ. तिला सांग, केईएममध्ये त्याची शाळा 1950 साली निघाली, कमला निंबकर नावाच्या बाईंनी काढली. जन्माने अमेरिकन, सासरच्या मराठी. आत्याचा तेव्हा जन्मही झाला नव्हता.

बाबांनी गावच्या जमिनीचा विषय काढला, तो मी तिथेच बंद केला. मॅनेजमेंट कोट्यासाठी जमीन विकायची नाही.

गोड गोड सांगणार नाही. आमच्यात कंत्राटी जागा खूप आहेत, सुरुवातीचा पगार ऐकून तू हसशील. पाय सुजतात. फोटो आमचा, सही डॉक्टरची, आणि पेशंट नाव विचारतो तेही डॉक्टरचंच. याची सवय होते असं लोक म्हणतात, मला पूर्ण झालेली नाही.

आणि रेडिएशनची भीती तुझ्या डोक्यात आहे ती काढ. लेड अॅप्रनच्या आत छातीवर बॅज असतो, तीन-तीन महिन्यांनी तो तपासायला जातो, कुणाला किती डोस बसला त्याची नोंद राहते. तू पोटात असताना मी दुसऱ्याच महिन्यात डिपार्टमेंटला कळवलं, कारण ते कळलं की पुढच्या महिन्यांसाठी मर्यादा खूपच खाली आणतात. मला रजिस्ट्रेशनच्या खिडकीवर बसवलं. म्हणजे माझ्या या नोकरीत तू नऊ महिने नाही, पण सात महिने कारकुनी केलेली आहेस.

उद्या साडेसातला सुटेन. तुझ्या प्रवेशाच्या फॉर्मचा पासवर्ड मला माहीत नाही, नाहीतर आतापर्यंत मीच भरला असता. या कागदाचा फोटो मोबाइलवर पाठवते, तो वाचून तू उठून बस, मी कर्जत लोकलला गर्दी नसली तर नऊपर्यंत घरी येते. दोघं मिळून भरू. पसंतीक्रम तुझा तू लाव, मी फक्त कॉलेजला स्वतःचं हॉस्पिटल आहे की नाही तेवढं बघेन.

फ्रिजमध्ये खालच्या डब्यात भिजवलेले मूग आहेत, ते बाहेर काढून ठेव. बेल वाजली, कुणीतरी आलं.

तुझी,
आई