आधी नाडी मोज

चि. चिनूस,
अनेक आशीर्वाद.

सोमवारपासून व्यायाम सुरू करायचं ठरवलं आहेस. त्याआधीचे तीन दिवस पळू नको, नुसती नाडी मोज. सकाळी जाग आली की अंथरुणातच पडून राहा. एका हाताचा तळवा वर करून, अंगठ्याच्या मुळाशी मनगटावर दुसऱ्या हाताची तर्जनी आणि मधलं बोट हलकेच टेकव. अंगठ्याने मोजू नको, कारण अंगठ्याची स्वतःचीच नाडी जाणवते आणि मोजणी चुकते. जोरात दाबलंस तर धमनी दबते आणि काहीच लागत नाही. ३० सेकंद मोजून दुप्पट कर आणि वहीत लिही. तीन दिवसांची सरासरी हा तुझा विश्रांतीचा आकडा. तो साधारण ६० ते १०० च्या दरम्यान असतो. ताप, अपुरी झोप, कॉफी, परीक्षेची धास्ती यांनी तो वाढतो, म्हणून एकाच दिवसाच्या आकड्यावर जाऊ नको. मोजताना श्वास आत घेतलास की ठोके जरा भरभर आणि सोडलास की सावकाश पडतात असं जाणवेल. तुझ्या वयात हे अगदी नेहमीचं आहे, घाबरू नको.

या आकड्यापासून सुरुवात करायला का सांगते ते नीट समजून घे. मोठ्या माणसाचं हृदय दर ठोक्याला सुमारे ७० मिलिलिटर रक्त ढकलतं. मिनिटाला ७२ ठोके धरले तर ते ५ लिटर झालं. जोरात पळताना सवय असलेल्या माणसाचं हृदय मिनिटाला २० लिटरच्या वर जातं. काही महिने नियमित पळलं, पोहलं किंवा सायकल चालवली की डावा कप्पा जास्त भरतो आणि जास्त जोराने रिकामा होतो. मग बसल्या जागी तेवढंच रक्त कमी ठोक्यांत पोचतं. तुझी नाडी ८० वरून ७० वर आली तर दिवसाला १४,४०० ठोके वाचतात. शिवाय हृदयाच्या स्नायूला स्वतःचं रक्त मुख्यतः दोन ठोक्यांमधल्या उसंतीत मिळतं. ठोके सावकाश पडले की ती उसंत लांबते.

हे सगळं चाळिशीनंतर बघू, असं वाटणं साहजिक आहे. पण १९५३ साली कोरियाच्या युद्धात मारल्या गेलेल्या अमेरिकन सैनिकांच्या शवविच्छेदनाचा अहवाल आला. त्यांचं सरासरी वय २२ होतं आणि सुमारे तीन चतुर्थांश जणांच्या हृदयाच्या धमन्यांत रोगाचे बदल सुरू झालेले दिसले. त्याच वर्षी ब्रिटिश डॉक्टर जेरी मॉरिस यांनी लंडनच्या दुमजली बसमधल्या लोकांची तुलना प्रसिद्ध केली. दिवसभर जिने चढणाऱ्या-उतरणाऱ्या कंडक्टरांना बसून गाडी चालवणाऱ्या ड्रायव्हरांपेक्षा हृदयविकार बराच कमी होता. दोन्ही कामं एकाच गाडीतली, फरक मुख्यतः हालचालीचा. मला हा अभ्यास फार आवडतो, कारण त्यात कुणीही ‘व्यायाम’ म्हणून काही करत नव्हतं.

आता वेळेचं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशीप्रमाणे ५ ते १७ वर्षांच्या मुलांनी आठवड्याच्या सरासरीने रोज ६० मिनिटं मध्यम ते जोरदार हालचाल करावी आणि त्यातले किमान तीन दिवस दमवणारा आणि स्नायू-हाडं बळकट करणारा व्यायाम असावा. साठ मिनिटं एकदम काढायची गरज नाही. शाळेत भरभर चालत जाण्या-येण्याची वीस मिनिटं आणि मैदानावरच्या खेळाचा तास यात धर. खेळाच्या तासात ओळीत उभं राहण्याची वेळ मात्र धरू नको.

मध्यम म्हणजे काय आणि जोरदार म्हणजे काय, हे बोलण्यावरून ओळखता येतं. चालताना पूर्ण वाक्य बोलता येतं पण गाणं म्हणता येत नाही, ते मध्यम. दोन-चार शब्दांनंतर श्वास घ्यावा लागतो, ते जोरदार. आकड्यातच हवं असेल तर तुझ्या वयात कमाल ठोके २०० च्या आसपास धर. मग १३० ते १५० म्हणजे मध्यम आणि १५५ च्या पुढे जोरदार. ‘२२० वजा वय’ हे सूत्र सगळीकडे दिसेल, पण त्यात दहा-बारा ठोक्यांची चूक सहज असते, तेव्हा बोलण्याच्या कसोटीवर जास्त विश्वास ठेव. थांबल्यावर नाडी झपाट्याने उतरते, म्हणून पळून झाल्याझाल्या फक्त १५ सेकंद मोज आणि चारने गुण. मिनिटभराने पुन्हा मोज. या दोन आकड्यांतला फरक महिन्या-दोन महिन्यांत वाढला तर तुझं हृदय तयार होतं आहे असं समज.

पळायचे दिवस सोमवार, बुधवार आणि शुक्रवार ठेव. आधी पाच मिनिटं भरभर चाल, हात-पाय फिरव. पहिले दोन आठवडे एक मिनिट हळू पळणं आणि दोन मिनिटं चालणं, असं आठ वेळा. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात दोन मिनिटं पळणं, दोन मिनिटं चालणं, सहा वेळा. पाचव्या-सहाव्यात तीन मिनिटं पळणं, एक मिनिट चालणं, सहा वेळा. सातव्यात दहा मिनिटं सलग, दोन मिनिटं चालून पुन्हा दहा. आठव्यात वीस मिनिटं सलग. एखादा टप्पा जड गेला तर तोच आठवडा पुन्हा कर. बहुतेक मुलं पहिल्याच दिवशी वेगात चुकतात. पहिलं मिनिट जीव खाऊन पळतात, तिसऱ्या फेरीला धाप लागते आणि ‘मला पळणं जमत नाही’ असं ठरवून टाकतात. तुझा पळण्याचा वेग शेजारून कुणी भरभर चाललं तर बरोबरीने येऊ शकेल, इतका कमी ठेव. आणि शेवटी एकदम थांबू नको. पळताना पोटऱ्यांचे स्नायू रक्त वर ढकलत असतात. ते अचानक थांबले की रक्त पायात साचतं आणि चक्कर येते. म्हणून पाच मिनिटं चालूनच थांबायचं.

मंगळवार, गुरुवार आणि शनिवारी ताकदीचे व्यायाम. उठाबशा १० ते १५, गुडघे टेकून जोर ८ ते १२, कोपरांवर शरीर सरळ धरून २० सेकंद, आणि दोरीवरच्या ३० उड्या. एक फेरी झाली की दोन मिनिटं थांबून दुसरी. शेवटच्या दोन उठाबशांना पाठ वाकायला लागली किंवा गुडघे आत झुकायला लागले की तिथेच थांब. जिममधली वजनं शिकवणारं माणूस जवळ असल्याशिवाय उचलू नको. ‘जास्तीत जास्त किती उचलतेस’ अशा पैजा तर नकोतच, कारण तुझ्या हाडांची वाढीची टोकं अजून भरून आलेली नाहीत. रविवारी मनाला येईल ते खेळ.

व्यायामानंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मांड्या दुखतील, ते आपोआप जातं. नडगीच्या आतल्या कडेला दुखू लागलं तर पळणं फार लवकर वाढवलं आहेस किंवा फार कडक जमिनीवर पळते आहेस. आठवडाभर सायकल चालव. गुडघ्याच्या वाटीखाली टेंगूळ आलं आणि ते दुखलं, तर उंची वाढण्याच्या काळात तिथल्या हाडावर ताण पडतो आहे. उड्या बंद कर आणि मला सांग.

परीक्षेच्या आठवड्यात वेळापत्रक मोडेल, हे आताच धरून चाल. त्या दिवसांसाठी वीस मिनिटांचं छोटं वेळापत्रक वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेव. १९६६ मध्ये अमेरिकेत डॅलसला एका प्रयोगात पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे अंथरुणावर झोपवून ठेवलं, तेव्हा त्यांच्या शरीराची प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता पाव भागाहून जास्त घटली. तू काही झोपून राहणार नाहीस, पण पूर्ण बंद आणि थोडं चालू यांत केवढं अंतर पडतं, ते लक्षात येईल.

पुढचं मात्र नीट वाच. ताप असताना पळायचं नाही. काही विषाणू हृदयाच्या स्नायूलाही सूज आणतात आणि तेव्हा श्रम धोक्याचे ठरतात. पळतापळता शुद्ध हरपली, श्रम करताना छातीत दुखलं, विनाकारण धडधड झाली किंवा मैत्रिणींपेक्षा फारच लवकर धाप लागू लागली, तर त्याच दिवशी सांग. हृदयाची तपासणी होईपर्यंत खेळ बंद. बरगडीवर बोट दाबल्यावर दुखणारी जागा बहुधा स्नायूची किंवा कूर्चेची असते, तरी सांग. पाळी सुरू झालेल्या मुलींना दम लागण्याचं एक फार सामान्य कारण रक्तातलं लोह कमी होणं हे असतं. तुझं हिमोग्लोबिन १२ च्या खाली असेल तर नुसतं पळून दम वाढणार नाही, आधी उपचार करावे लागतील. रक्तदाबही वर्षातून एकदा मोजू. १३ वर्षांनंतर १२० / ८० च्या खाली असावा.

मैदानावर दुसरं कुणी कोसळलं, हाकेला ओ देत नसेल आणि नीट श्वास घेत नसेल, तर कुणाला तरी रुग्णवाहिका बोलवायला लाव आणि छातीच्या मधोमध दाबायला लाग. मिनिटाला १०० ते १२० वेळा, ५ ते ६ सेंटिमीटर खोल. १२ जून २०२१ ला डेन्मार्कचा ख्रिश्चन एरिक्सन फुटबॉलच्या सामन्यात कोसळला, तेव्हा हे आणि विजेचा झटका तिथल्या तिथे मिळाल्याने तो वाचला आणि पुढच्या वर्षी पुन्हा खेळला.

झोप ८ ते १० तास. ऊर्जापेयं तुझ्या वयाला नाहीतच. सिगारेट किंवा व्हेप कुणी पुढे केली तर एवढं आठव, की निकोटीन ठोके आणि रक्तदाब दोन्ही वाढवतं, म्हणजे तू पळून जे कमावशील त्याच्या नेमकं उलट.

वहीत रोज तीन रकाने भर: सकाळची नाडी, काय केलं, किती मिनिटं. रविवारी संध्याकाळी पुढच्या आठवड्याच्या वेळा शाळेच्या वेळापत्रकाशेजारीच मांड, कुठे आणि किती वाजता हे दोन्ही लिहून. सकाळची नाडी नेहमीपेक्षा दहाने जास्त दिसली तर त्या दिवशी पळणं सोड आणि नुसतं चाल. पहिले तीन आकडे आले की मला कळव.

तुझी,
आई