एजंटसाठी मॅन्युअल लिहिताय ना, मग सगळं लिहा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

सध्या एआयवर पेपरात बरंच येतंय, नोकऱ्या जाणार की राहणार वगैरे, ते ठीकच आहे, पण एका साध्या गोष्टीवर कोणी बोलत नाही म्हणून हे पत्र. हे जे एआय एजंट आलेत, म्हणजे सांगितलेलं काम स्वतःच करून टाकणारे एआय प्रोग्राम, ते आता दुसऱ्या कंपन्यांची सॉफ्टवेअर परस्पर चालवायला लागलेत, आणि ती कशी चालवायची हे त्यांना कळतं ते डॉक्युमेंटेशन वाचून. ते डॉक्युमेंटेशन बऱ्याचदा अर्धवट असतं.

मी रत्नागिरीजवळ राहतो, मॅन्युअल्स लिहिणं हाच माझा धंदा, आणि ओळखीतल्या काही बागायतदारांचं, होमस्टेवाल्यांचं ईमेलचं काम बघून देतो. ईमेल कशाला, व्हॉट्सअ‍ॅप आहे की, असं सगळेच म्हणतात. घरगुती गिऱ्हाइकाला चालतं व्हॉट्सअ‍ॅप, पण पुण्या-मुंबईच्या ऑफिसांच्या पेट्यांच्या ऑर्डरी, बाहेरदेशचं गिऱ्हाईक, कोटेशन, बिल हे अजून मेलवरच आहे. त्यामुळे मार्चमध्ये फळ सुरू झालं की एक मेल सगळ्यांना, ज्यानं ऑर्डर दिली नाही त्याला काही दिवसांनी आठवण, ज्यानं पेटी घेतली त्याला आंबा गवतात कसा पिकवायचा ते, असं सगळं आपोआप जाईल असं बांधून ठेवता येतं. हे काही नवीन नाही. नवीन एवढंच की आता बागायतदाराचा मुलगा एजंटला सरळ मराठीत सांगतो, "जुन्या गिऱ्हाइकांना उद्या सकाळी नऊला मेल टाक", आणि एजंट मेल पाठवायच्या टूलचं (सॉफ्टवेअरचं) डॉक्युमेंटेशन वाचून ते करून मोकळा होतो.

तर आता बघा काय होतं ते. स्क्रीनवर माणूस वेळ भरतो तेव्हा शेजारी भारतीय वेळ दिसते, पण एजंट स्क्रीन बघत नाही, तो एपीआयमधून जातो, म्हणजे एका प्रोग्रामनं दुसऱ्याला थेट कमांड द्यायच्या दारातून, आणि तिथे वेळ यूटीसीत, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असलेल्या जागतिक वेळेत, धरतात हे डॉक्युमेंटेशनमध्ये लिहायचं राहून गेलेलं असतं. मेल गेला दुपारी अडीचला, माणसं जेवून पेंगत असताना. बरं हे एवढ्यावर निभावलं. दुसरं बघा, एजंटनं "पाठव" म्हणून कमांड दिली, नेट मध्येच गेलं (आमच्याकडे पावसाळा लागत नाही त्याला), उत्तर आलं नाही, म्हणून त्यानं पुन्हा तीच कमांड दिली. पहिली पोचलेली होतीच. सगळ्यांना दोनदा मेल. यावर उपाय आहे, प्रत्येक कमांडला एक वेगळी खूण द्यायची म्हणजे तीच खूण परत आली तर टूल दुसऱ्यांदा पाठवत नाही, चांगल्या टूलमध्ये ही सोय असते, पण ती कुठेतरी खाली कोपऱ्यात लिहून ठेवलेली.

सगळ्यात वाईट म्हणजे डिलीट. आम्ही वापरत होतो त्या टूलच्या डॉक्युमेंटेशनमध्ये एकच ओळ होती, संपर्क यादीतून काढला जातो, बस. एजंटला सांगितलं यादी साफ कर, त्यानं "मला मेल नको" म्हणणारे सगळे डिलीट केले, वाटतं बरोबरच केलं की. पण डिलीट केल्यावर त्या माणसानं नको म्हटल्याची नोंदही जाते. पुढच्या सीझनला जुनी एक्सेल परत चढवली की तीच माणसं नव्यानं यादीत, आणि मेल चालू! कंपनीला कळवलं तर उत्तर आलं की हे अपेक्षितच आहे. अहो अपेक्षित आहे तर लिहा ना तसं.

बागेत नवीन गडी आला तर तो विचारतो, मालक ही फांदी छाटू की ठेवू. एजंट बहुतेक वेळा विचारत नाही, मॅन्युअलमध्ये लिहिलं नाही म्हणजे काही अडचण नाही असं धरून पुढे जातो.

आणि याचा फटका बसतो तो छोट्या माणसाला. फेब्रुवारी 2024 पासून जीमेलनं नियम कडक केलेत, जीमेलच्या पत्त्यांवर दिवसाला 5000 च्या वर मेल पाठवणाऱ्याला एका क्लिकमध्ये अनसबस्क्राइब द्यावं लागतं, आणि स्पॅमच्या तक्रारी 0.3 टक्क्याच्या आत ठेवायच्या, ते तर लहान पाठवणाऱ्यालाही लागू. म्हणजे हजार मेलमागे तीन जणांनी स्पॅम दाबलं की झालं, ऐन सीझनमध्ये तुमचे मेल स्पॅममध्ये पडायला लागणार. शिवाय आपल्या 2023 च्या डेटा संरक्षण कायद्यात आहेच की संमती देणं जेवढं सोपं तेवढंच ती काढून घेणंही सोपं पाहिजे. उत्तर द्यायला एजंट येणार नाही, बागायतदारच.

कंपन्यांना एजंटचं कौतुक आहे, नाही असं नाही. 2024 च्या सप्टेंबरात एआय संशोधक जेरेमी हॉवर्ड यांनी एलएलएमएस डॉट टीएक्सटी नावाच्या फाइलची कल्पना मांडली, साइटवर एआयसाठी साध्या मजकुरात माहिती ठेवायची, मग नोव्हेंबरात अँथ्रोपिक या एआय कंपनीचं एमसीपी आलं, म्हणजे एआयला बाहेरच्या टूलशी जोडायची एक ठरलेली पद्धत, आणि आता जो तो "आमचं टूल एजंटसाठी तयार" म्हणून सांगतो. फाइल उघडून बघावी तर जाहिरातीचाच मजकूर, आमचं टूल किती सोपं, किती वेगवान. एजंटला काय करायचंय त्याचं! त्याला प्रत्येक कमांडपाशी पाहिजे की ही किती लोकांपर्यंत जाते, परत फिरवता येते का, परत दिली तर काय होतं, वेळ कुठली धरायची, आणि कुठे थांबून मालकाला विचारायचं. स्क्रीनशॉटवर बाण काढून भागत नाही, वाक्यात लिहावं लागतं. कंपनीनं खोटी यादी घेऊन एजंटला फक्त स्वतःचं डॉक्युमेंटेशन वाचायला द्यावं आणि तो काय काय घोळ घालतो ते बघत बसावं, एका दुपारीत कळेल काय राहिलंय.

तोवर आपल्याकडच्या लोकांनी एवढं करा, एजंटला ड्राफ्ट बनवण्यापुरतीच परवानगी असलेली एपीआय-की (टूलमध्ये शिरायची किल्ली) द्या. टूलमध्ये तशी वेगळी किल्ली मिळत नसेल तर मेल त्याच्याकडून लिहून घ्या, यादीला हात लावू देऊ नका आणि पाठवायचं बटण स्वतः दाबा.

आपला,
एक वाचक, रत्नागिरी